आरपीजीमधले जुगाराचे अड्डे कुठं गेले, आणि तुमच्या जत्रेत चक्री ठेवावी का

प्रश्न असा आलाय. कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची चार पोरं मिळून एक आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन गोष्ट जगायचा व्हिडिओ गेम, बनवायला लागल्यात. करवीरच्या पलीकडचं एक गाव, गावाची म्हाई, कुस्त्यांचं मैदान, देवळामागं जत्रा. जत्रेत त्यांना चक्रीचा स्टॉल ठेवायचाय, तालमीच्या मागच्या खोलीत तीन पत्ती आणि मैदानात पैलवानावर पैज लावायची सोय. गाईड सर म्हणाले, हे सगळं काढून टाका. पोरांचं म्हणणं, जुन्या पोकेमॉनमध्ये स्लॉट मशीन होतं, ड्रॅगन क्वेस्टमध्ये तर अख्खा कॅसिनो होता, मग आताच्या गेममध्ये का दिसत नाही, कुणी बंदी घातली का, आणि आम्ही टाकलं तर काय होईल.

मी बरीच वर्षं गेमच्या इकॉनॉमीचंच काम करतोय, आधी पुण्यात आणि आता राजारामपुरीत घरी बसून. इकॉनॉमी म्हणजे कुठला राक्षस मेला की किती नाणी पडायची, तलवार कितीला विकायची, खानावळवाला रात्रीचे किती घेणार, असले एक्सेल. कॅसिनोचा कारभार त्याच एक्सेलमध्ये येतो म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ते सगळीकडून गेलेलं नाही. मोठ्यांच्या गेममध्ये मजेत चालू हाय. किंगडम कम डिलिव्हरन्समध्ये प्रत्येक खानावळीत फासे टाकत बसलेली माणसं आहेत, खिशात खोटे फासे बाळगून त्यांना गंडवता पण येतं. याकुझावाल्यांच्या गेममध्ये माजोंगपासून चो-हानपर्यंत सगळं आहे. ह्या गेमना तशीही रक्तपात, शिव्या, बायका-बाटल्या ह्यामुळं वयाचा १८ चा शिक्का बसणारच असतो, मग फासे टाकले काय आणि न टाकले काय, फरक शून्य. गेलंय ते मधल्या पट्ट्यातून, म्हणजे बारा-तेरा वर्षांचं पोरगं आणि त्याचा कॉलेजातला दादा दोघं खेळतात त्या गेममधून. आणि तुमचा गेम नेमका त्याच पट्ट्यातला आहे.

पोकेमॉनचंच बघा, त्याच्यात हा बदल एकेक पायरी दिसतो. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये सेलाडॉन सिटीत गेम कॉर्नर होतं, स्लॉट मशीनच्या रांगा, आणि भिंतीवरच्या पोस्टरमागं बटण, ते दाबलं की खाली टीम रॉकेट ह्या गुंडांच्या टोळीचा अड्डा. गेममधल्या हजाराला पन्नास कॉइन मिळायची. रेड व्हर्जनमध्ये पोरीगॉन नावाचा पोकेमॉन पाहिजे तर ९,९९९ कॉइन, आणि कॉइन केसमध्ये मावायचीच तेवढी. म्हणजे न खेळता नुसती विकत घ्यायची म्हटली तर जवळजवळ दोन लाख. तेवढे पैसे कुणाकडं नसायचे म्हणून पोरं मशीनला चिकटायची, त्यात एक मशीन बाकीच्यांपेक्षा जास्त देणारं असायचं आणि आत आलं की ते बदलायचं, म्हणून आधी रांगभर फिरून ते हुडकायचं. आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी हे म्हणजे शुद्ध जुगाराची शाळाच झाली की, आज कुणी मला हे डिझाइन दाखवलं तर मीसुद्धा हात वर करीन.

पुढं पोकेमॉनचेच हार्टगोल्ड-सोलसिल्व्हर आले, जपानात २००९ ला. तिथं स्लॉट तसेच राहिले, पण २०१० मध्ये बाहेर आलेल्या इंग्रजी आवृत्तीत त्या जागी व्होल्टॉर्ब फ्लिप नावाचा वेगळाच खेळ आला. प्लॅटिनमच्या युरोपातल्या आवृत्तीत मशीन दिसतात पण त्यावर खेळता येत नाही. ब्लॅक-व्हाइटमध्ये गेम कॉर्नरच नाही. २०१४ च्या ओमेगा रुबी-अल्फा सफायरमध्ये मॉव्हिलचं गेम कॉर्नर कायमचं बंद पडलेलं दाखवलंय. आणि २०२१ ला डायमंड-पर्लचा रीमेक आला त्यात जुन्या गेम कॉर्नरच्या जागी चक्क कपड्यांचं दुकान. हे काही कंपनीला एका रात्रीत साक्षात्कार झाला म्हणून नाही. युरोपात वयाचे शिक्के पेगी नावाची संस्था देते, आणि जुगाराच्या बाबतीत तिचे नियम कडक होत गेले. आधी जुगार दाखवला तर १२ वर भागायचं. २०२० पासून जुगार शिकवणारा किंवा त्याला प्रोत्साहन देणारा नवा गेम थेट १८. दक्षिण कोरियात तर २००६ ला 'सी स्टोरी' नावाच्या मशीनचं मोठं प्रकरण झालं, त्यानंतर तिथं रेटिंगसाठी वेगळी सरकारी यंत्रणाच उभी राहिली. ऑस्ट्रेलियानं २२ सप्टेंबर २०२४ पासून नियम केला, खोट्या पैशाचा का असेना, गेममध्ये कॅसिनोसारखा जुगार असेल तर आर १८ प्लस, तिथं ते कायद्यानंच मोठ्यांसाठी.

आता प्रोड्युसरच्या खुर्चीत बसून बघा. माझ्याकडं एका परदेशी क्लायंटचा गेम होता, त्यात खानावळीत फासे होते, छोटासाच प्रकार. मीटिंगमध्ये प्रश्न एवढाच आला की ह्यामुळं गेम जास्त विकला जाणार का. नाही. ह्यामुळं शिक्का वर जाणार का. हो, आणि शिक्का वर गेला की कन्सोलच्या दुकानात ज्या पोरांच्या अकाउंटला आईबापांनी लॉक लावलंय त्यांना गेम घेता येत नाही, जाहिराती कुठं लावायच्या त्यावर पण मर्यादा. चर्चा संपली, दहा मिनिटं पण लागली नाहीत. कुणी नैतिकतेचा शब्दसुद्धा काढला नाही.

पण नुसत्या शिक्क्यावर सगळं ढकललं तर अर्धंच उत्तर होईल, कारण शिक्क्याचा कारभार पण सरळ नाही. बलाट्रो नावाचा पत्त्यांचा गेम घ्या. पोकरचे हात वापरतो पण त्यात पैज नाही, पैसे लावायचे नाहीत, काही नाही. तरी २०२४ मध्ये पेगीनं त्याला १८ दिला, काही देशांतल्या दुकानांतून तो तात्पुरता उतरवला पण गेला. आणि त्याच वेळी ईए स्पोर्ट्स एफसी हा फुटबॉलचा गेम, ज्याच्यात खऱ्या पैशानं खेळाडूंची पाकिटं फोडता येतात आणि आत कोण निघेल हे नशीब, त्याला ३. तीन वर्षांच्या पोराला चालेल म्हणं. बलाट्रोच्या डेव्हलपरनं ह्यावर जाहीर चिमटा काढला होता, शेवटी अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बलाट्रो १२ वर आला. एवढा गोंधळ झाला कारण तेव्हाचा नियम चित्र बघत होता, म्हणजे पत्ते, स्लॉट, रूलेट दिसतंय का, आणि पाकीट फोडणं काही कॅसिनोसारखं दिसत नाही.

माझ्या मते खरं कारण इथंच आहे. १९९६ च्या पोकेमॉनमधल्या कॉइनला बाहेर जायला दारच नव्हतं. तुम्ही कार्ट्रिज घेतलं, पैसे दिले, विषय संपला, आत लाख हरा नाहीतर कोट जिंका, घरातल्या कपाटातला एक रुपया हलत नव्हता. आता गेममधलं चलन खऱ्या पैशानं विकत मिळतं, आणि एकदा ती भिंत पडली की आतला कॅसिनो खोटा राहत नाही. जुगार ठरवायला जगभर तीनच गोष्टी बघतात: काही लावलं का, निकाल नशिबावर आहे का, काही मिळालं का. जीटीए ऑनलाइनमध्ये जुलै २०१९ ला डायमंड कॅसिनो उघडला, चिप गेममधल्या डॉलरनी घ्यायच्या, पण तो गेममधला डॉलर शार्क कार्ड नावाच्या पॅकनं खऱ्या पैशात मिळतो. पन्नासहून जास्त देशांत टेबलावर बसायला गेलं की दार बंद. म्हणजे ज्या गेममध्ये चलन विकायचंय तिथं खानावळीतले फासे ठेवणं वकिलाला परवडत नाही, आणि ज्या गेममध्ये चलन विकायचंय तिथं फाशांपेक्षा लई मोठी कमाई दुसरीकडं बसलेली असते.

ती दुसरी जागा म्हणजे गाचा, पैसे देऊन नशिबानं पात्र नाहीतर हत्यार काढायची सोय. आपल्याकडं शाळेजवळच्या दुकानात सोरट असायचं ते आठवतं का, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, पंचवीस पैशाला एक फाडायची, वर मोठ्ठा फुगा नाहीतर क्रिकेटची बॅट टांगलेली, आणि निघायची गोळी. सगळ्या गल्लीला संशय असायचा की बॅटचा नंबर दुकानदारानं अजून लावलेलाच नाही. पण हिशेबानं बघितलं तर सोरट गाचापेक्षा प्रामाणिक. चिठ्ठ्या मोजक्या, फाडलेली चिठ्ठी परत येत नाही, म्हणजे पुठ्ठा संपत आला की बॅट जवळ येतेच. गाचात फाडलेली चिठ्ठी दर वेळी परत चिकटवतात. गेनशिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्राचा मूळ दर ०.६ टक्के. नुसत्या ह्या दरावर ठेवलं तर नव्वद वेळा ओढून पण शंभरातल्या अठ्ठावन्न जणांच्या हातात काहीच पडणार नाही, म्हणून त्यांनी नव्वदाव्याला हमी दिलीय. एका ओढीला १६० प्रायमोजेम (हे त्या गेममधलं चलन), नव्वदला १४,४००. आता असल्या गेममध्ये खानावळीत बसून फुकटची नाणी लावायचा खेळ कोण कशाला ठेवेल? खेळणाऱ्याची नशिबाची खाज तिथंच भागली तर गाचाकडं कोण जाणार.

तिसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे आणि ते फार कुणी बोलत नाही. जुने कॅसिनो डिझाइन म्हणून बहुतेक कच्चेच होते. तुमच्याच चक्रीचा हिशेब करू. आठ घरं, एका फेरीला १० नाणी. एका घरात ४०, दोन घरांत १५-१५, बाकी पाच रिकामी. सरासरी काढा: चाळीस अधिक तीस, भागिले आठ, ८.७५. प्रत्येक फेरीत सव्वा नाणं जातं, दोन-चार वेळा गंमत म्हणून फिरवतील आणि विसरतील. मग कुणीतरी म्हणतं जरा उदार करा, म्हणून ४० चे ६० केले. सरासरी ११.२५, आता फेरीला सव्वा नाणं फायदा. मिनिटाला बारा फेऱ्या म्हणजे १५ नाणी. कंट्रोलरच्या बटणाला रबर बँड लावून पोरगं झोपायला गेलं तर सकाळी ७,२०० नाणी, आणि तुम्ही महिनाभर बसवलेली तलवारीची किंमत गेली उडत. दहाच्या खाली ठेवलं तर कुणी खेळत नाही, वर ठेवलं तर सगळे पिळतात. म्हणूनच जुने गेम बक्षीस पैशात न देता पोरीगॉनसारखी दुसरीकडं न मिळणारी चीज ठेवायचे. मग लोक खेळायचे, पण मजा म्हणून नाही, हमाली म्हणून.

त्यात सेव्ह-लोड, म्हणजे खेळ जतन करून मागच्या जागेवर परत जायची सोय. हरलो की लोड. जुन्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये सेव्ह करायला चर्चमध्ये जावं लागायचं, तेवढी पायपीट तरी होती, आता कुठंही उभं राहून सेव्ह. ह्याच्यावर ज्यांनी खरंच डोकं लावलं ते फॉलआउट न्यू व्हेगासवाले, २०१० चा गेम. कॅसिनोत बसून लोड केलं की टेबलवाला तुम्हाला थोडा वेळ खेळूच देत नाही, थांबा म्हणतो, म्हणजे लोड करणाऱ्याला कंटाळ्याची शिक्षा. पात्राचं लक जास्त असेल तर ब्लॅकजॅकला पत्ते खरंच चांगले येतात, म्हणजे पात्र बनवताना घेतलेला निर्णय टेबलावर दिसतो. आणि जिंकत गेलात तर आधी खातिरदारी, खाणंपिणं, खोली, आणि टॉप्स नावाच्या कॅसिनोत १०,००० चिपवर मॅनेजर येऊन सांगतो, पुरे आता. एकच खेळी, आणि इकॉनॉमी पण वाचली, गोष्ट पण पुढं गेली. पण असं करायला वेळ, पैसा आणि गावाची गोष्टच जुगाराभोवती असावी लागते. बाकीच्यांनी नुसतं टेबल ठेवलं होतं, म्हणून ते काढताना स्टुडिओत कुणी रडलं नाही.

जाता जाता एक किस्सा, कारण तुम्ही प्रोग्रामर आहात. १९९० च्या ड्रॅगन क्वेस्ट ४ मध्ये कॅसिनोचं कॉइन २० गोल्डला. कुणीतरी शोधलं की एकदम ८,३८,८६१ कॉइन मागितली तर दुकानदार फक्त ४ गोल्ड मागतो. गुणाकार करा, १,६७,७७,२२० येतात. किंमत २४ बिटमध्ये ठेवलेली, तिथं १,६७,७७,२१६ झाले की काटा परत शून्यावर, उरले चार. अख्ख्या जपानातल्या पोरांना तो आकडा तोंडपाठ होता. तुमच्या दुकानात संख्या टाकायची सोय असेल तर हे आजच तपासा, जुगार ठेवा नाहीतर नका ठेवू.

आता तुमचं. कायद्याचं आधी, कारण सरांना तीच भीती असणार. आपल्याकडं १८८७ चा जुना मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तो पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. तुमचा गेम एकदा विकत घ्यायचा, नाणी आतल्या आतच, बाहेरून विकत मिळत नाहीत आणि बाहेर काढता येत नाहीत, तोवर तुम्ही त्या भानगडीत नाही. ज्या दिवशी कुणी गुंतवणूकदार म्हणेल नाण्यांचं पॅक विकू या, त्या दिवशी चक्री आणि पॅक ह्यातलं एक निवडायचं. दोन्ही ठेवायचं असेल तर आधी वकील.

तीन पत्ती काढाच. ते दिसायलाच जुगार आहे, बलाट्रोला नुसत्या पोकरच्या हातांवरून एवढं झेलायला लागलं, तुम्ही तर बूट लावून ब्लाइंड खेळवणार. खोलीत चार माणसं खेळत बसलेली दिसू देत, वस्ताद आला की पत्ते उशीखाली सरकवताना दाखवा, भारी सीन होईल, पण खेळाडूला पत्ते हातात घेऊ देऊ नका. पत्त्यांचा खेळ पाहिजेच असेल तर स्वतःचा बनवा, फायनल फँटसी ८ मध्ये ट्रिपल ट्रायड होता तसा, ज्यात पैसे नाही, पत्तेच जिंकायचे आणि डोकं चालवायला लागतं.

चक्रीच्या जागी सोरट ठेवा. मस्करी करत नाही. व्होल्टॉर्ब फ्लिप हे पोकेमॉनला सक्तीनं करावं लागलं पण स्लॉटपेक्षा तोच खेळ चांगला निघाला: पाच बाय पाचचा पट, प्रत्येक ओळीच्या टोकाला बेरीज आणि बॉम्ब किती ते लिहिलेलं, त्यावरून तर्क लावून पत्ते उलटायचे. आणि मुख्य म्हणजे कॉइन विकत घेताच येत नाहीत, काही लावलंच नाही तर हरणार काय, फक्त त्या डावात मिळवलेलं जातं. तसंच तुमचं सोरट: वीस चिठ्ठ्या, कुठली बक्षिसं उरलीत ते वर पाटीवर दिसतंय, तिकीट नाण्यांना नाही मिळत, गावातलं काम केलं की मिळतं, म्हातारीची शेळी शोधून द्या, एक तिकीट. पाटीवर काय उरलंय ते बघून आज फाडायची की थांबायचं हा निर्णय खेळाडूचा, कारण जत्रेतली बाकीची पोरं पण रोज दोन-दोन फाडतायत. चिठ्ठ्यांचा क्रम गेम सुरू होतानाच सीडमध्ये पक्का करा आणि सेव्हमध्ये ठेवा, म्हणजे लोड करून काही बदलणार नाही. आणि बॅटचा नंबर खरंच लावा.

कुस्तीवरची पैज मात्र काढून टाकायची चीज नाही, उलटी करायची चीज आहे. ड्रॅगन क्वेस्ट ३ मध्ये पूर्वी राक्षसांच्या लढतीवर पैसे लावायचे. २०२४ च्या एचडी-टूडी रीमेकमध्ये त्यांनी पैज काढली आणि म्हणाले, तुम्ही स्वतः पकडलेले राक्षस उतरवा, जिंकलात तर बक्षीस. आपल्याकडं तर ही पद्धत आयतीच आहे. खासबागेत नाहीतर कुठल्याही गावच्या मैदानात बघा, कुस्ती इनामावर लागते. तुमचा खेळाडू कडेला बसून पैसे लावण्यापेक्षा एखादं पोरगं हाताशी धरू दे, त्याचा खुराक, मेहनत, डाव सगळं तुमच्या त्याच एक्सेलमध्ये बसतं. पहिली कुस्ती रेवड्यांची, मग नारळाची, मग पाचशेच्या जोडीला उतरायचं की अजून महिनाभर दूध-बदाम चारायचं हे ठरवायला लागलं की जोखीम आली की नाही? आणि ती नशिबाच्या चाकापेक्षा चांगली जोखीम, कारण पोरगं बरोबरीत सुटलं तर कुठं कमी पडलो हे खेळाडूला कळतं, मैदानात हलगी कडाडत असताना. पुढच्या वर्षीच्या मैदानाला परत यायचं कारण पण मिळालं. ह्याच्यावर वेळ घाला, सोरट दोन दिवसांचं काम आहे, हे दोन महिन्यांचं.

शेवटी फॉर्म. प्ले स्टोअरवर टाकणार असाल तर आयएआरसी ह्या वयाचे शिक्के देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेची प्रश्नावली येते, एकदाच भरायची, त्यावरून वेगवेगळ्या देशांचे शिक्के निघतात. स्टीम ह्या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात पण आशयाची प्रश्नावली आहे, ती भरल्याशिवाय नोव्हेंबर २०२४ पासून जर्मनीत गेम दिसत नाही. जुगाराचा प्रश्न आला की खरं उत्तर द्या आणि भरायच्या आधी चौघांनी एकत्र बसून वाचा, कारण सोरटात तुम्ही काय ठेवलंय हे कोड लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि फॉर्म भरणारा नेहमी दुसराच असतो. सरांना मैदानाचा भाग आधी दाखवा, सोरट नंतर.